जाळी की लेन्स? लेझरआधी हे ठरवा

प्रश्न : आईचं (वय ७१, मधुमेह) चार वर्षांपूर्वी उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. दोन वर्षांपूर्वी त्याच डोळ्याच्या पडद्याचं ऑपरेशन करून आत गॅस भरला होता. आता पुन्हा धुरकट दिसतं. एक डॉक्टर म्हणतात लगेच लेझर करू, दुसरे म्हणतात लेन्सच पांढरी पडली आहे, लेझर नको. कुणाचं ऐकावं?
– एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : लेझरची घाई अजिबात करू नका. आधी धुरकटपणा नेमका कुठे आहे ते पक्कं करून घ्या.

मोतीबिंदू काढताना त्याची पातळ पिशवी तशीच ठेवतात आणि तिच्यात कृत्रिम लेन्स बसवतात. पिशवीत उरलेल्या पेशी पुढे वाढतात, मागच्या बाजूला सरकतात आणि तिथे जाळी धरते. हे बऱ्याच जणांना होतं. यॅग लेझरने जाळीला मधोमध भोक पाडलं की काही मिनिटांत काम होतं.

लेन्स पांढरी पडणं त्या मानाने विरळ. हायड्रोफिलिक अॅक्रिलिक, म्हणजे पाणी धरून ठेवणाऱ्या मऊ लेन्सवर किंवा तिच्या आत कॅल्शियम फॉस्फेटचे कण साचतात. बोअरच्या पाण्याने नळाच्या तोंडाला क्षार धरतात तसे, पण हे खरवडून निघत नाहीत. डोळ्यात गॅस किंवा हवा भरल्यानंतर असं झाल्याची उदाहरणं चांगली माहीत आहेत, मधुमेहातही आढळतं. म्हणून आईंच्या बाबतीत दुसऱ्या डॉक्टरांची शंका रास्त वाटते.

थेंब घालून बाहुली मोठी केली की स्लिट लॅम्पवर (डोळे तपासायच्या दिव्याच्या सूक्ष्मदर्शकावर) फरक कळतो. जाळी लेन्सच्या मागे असते. भिजवलेल्या साबुदाण्यासारखे दाणे किंवा सुरकुत्या दिसतात. लेन्सवरचे कण पिठूळ असतात, आणि गॅसनंतर बहुधा समोरच्या बाजूला मधोमध, बाहुलीएवढा गोल डाग पडतो. तपासणीचा फोटो मागून घ्या.

लेन्स पांढरी असताना लेझर केलं तर कण हलत नाहीत, मागची पिशवी मात्र फाटते. मग लेन्स बदलताना डोळ्याच्या आतला नैसर्गिक जेल पुढे येऊ शकतो, आणि नवी लेन्स त्याच पिशवीत बसवणं कठीण होतं. पिशवी शाबूत असली तर खास जेल सोडून जुनी लेन्स मोकळी करतात, कापून बाहेर काढतात आणि नवी बसवतात. चार वर्षांत पिशवी लेन्सला घट्ट चिकटलेली असते, त्यामुळे लेन्स बदलण्याचा अनुभव असलेलेच सर्जन गाठा. त्याआधी ओसीटी (पडद्याच्या थरांचं स्कॅन) करून पडदा तपासा. दोष तिथे असेल तर लेन्स बदलून नजर सुधारणार नाही. त्रास किरकोळ असेल तर थांबायलाही हरकत नाही. तक्त्यावरची अक्षरं वाचता येतात पण रात्री समोरच्या गाडीच्या दिव्याने डोळे दिपतात, असं असेल तर तेही आवर्जून सांगा.

डिस्चार्ज कार्डावरचं लेन्सचं स्टिकर सोबत न्या. त्यावर कंपनी, मॉडेल, पॉवर आणि सीरियल नंबर असतो.

प्रश्न : लेझरने काढलेली जाळी पुन्हा येते का?
– एक वाचक, सिंहगड रोड, पुणे

उत्तर : सहसा नाही. लेझरनंतर डोळ्याचा दाब वाढू शकतो, म्हणून तो मोजूनच घरी जा. थोडे ठिपके काही दिवस तरंगतात. पण विजेसारखे चमकारे दिसले, ठिपके एकाएकी खूप वाढले किंवा कडेने काळा पडदा सरकल्यासारखं वाटलं, तर त्याच दिवशी पडद्याच्या डॉक्टरांकडे जा.