"आण्णा, आग होते की ठणकतं?"

"मॅडम, मॉर्फिन लिहून दिलंय. म्हणजे आता शेवटचंच ना?" कॅन्सरच्या दुखण्याच्या ओपीडीत बसायला लागल्यापासून मॉर्फिन या जोरदार वेदनाशामकाबद्दल हा प्रश्न मी सतत ऐकते. विचारणारा बहुतेक वेळा मुलगा असतो, नाहीतर सून. पेशंटला बाहेर बाकावर बसवून, दार ओढून घेऊन, हळू आवाजात विचारतात.

त्यातलंच हे एक घर. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) आण्णा सदुसष्ट वर्षांचे, एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त. फुप्फुसाच्या वरच्या टोकाला गाठ, ती हाताकडे जाणाऱ्या नसांना भिडलेली. डॉक्टर विचारायचे, "शून्य ते दहामध्ये किती दुखतंय?" आण्णा म्हणायचे, "दोन. चालतंय." घरी मात्र रात्रभर उशीत तोंड खुपसून कण्हायचे. मॉर्फिनच्या गोळ्या मुलाने कपाटात वर ठेवलेल्या. अगदीच सहन होईना तेव्हा एखादी काढून द्यायचा.

पहिल्या दोन भेटी मी मुलाला समजावण्यातच घालवल्या. तो मान हलवायचा, गोळ्या कपाटातच राहायच्या. तिसऱ्या भेटीत आण्णांना एकट्यांना आत घेतलं. डावी बाही न घालता सदरा नुसता खांद्यावर टाकलेला. आकडा विचारलाच नाही.

"आण्णा, कसं दुखतं? ठणकतं, ठसठसतं, चमका येतात, की आग होते?"

बराच वेळ गप्प. मग त्यांनी उजव्या बोटाने डाव्या काखेपासून करंगळीपर्यंत एक रेघ ओढली. "इथनं खाली मिरची चोळल्यागत होतंय बघा. मधनंच करंट बसतोय. बाही लागली तरी नको वाटतं."

"मग डॉक्टरांना दोन का सांगता?"

"नऊ सांगितलं तर आजार वाढला म्हणतील, केमो बंद करतील. पोरगं घाबरून जमीन विकायला काढंल."

मला त्या क्षणी लख्ख दिसलं. मुलाच्या काळजीने बाप दुखणं दाबत होता आणि बापाच्या काळजीने मुलगा गोळी. मी दोन महिने चुकीच्या माणसाशी बोलत होते.

माणूस आकडा राखून सांगतो, शब्द मात्र त्याच्याही नकळत खरं बोलून जातात, यावर माझा विश्वास आहे. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात रोनाल्ड मेलझॅक यांनी १९७५ साली दुखण्याचे ७८ शब्द २० गटांत लावून प्रश्नावली केली, तीही शब्दांवरच उभी आहे. आपल्याकडे तर कळ, शूळ, सणक, सलणं, झिणझिण्या, पेटके, यादी संपत नाही. आग, करंट, साधा स्पर्श न सोसणं ही नसेच्या दुखण्याची खूण. तिथे एकटं मॉर्फिन अनेकदा पुरत नाही, नसेसाठी वेगळं औषध जोडावं लागतं. आण्णांचे शब्द मी जसेच्या तसे लिहून डॉक्टरांकडे पाठवले आणि त्याच दिवशी ते औषध सुरू झालं.

आण्णांची भीती जगावेगळी नव्हती. अमेरिकेत सँड्रा वॉर्ड आणि सहकाऱ्यांनी १९९३ साली कॅन्सर पेशंटना दुखणं सांगण्यापासून अडवणाऱ्या आठ गोष्टी तपासल्या. त्यात व्यसनाची भीती आहे, दुखणं म्हणजे आजार वाढला हा समज आहे आणि 'चांगला पेशंट कुरकुर करत नाही' हेसुद्धा आहे.

मग मुलाला आत बोलावलं. "दोन नव्हतं रे," एवढंच आण्णा म्हणाले. मुलगा रडला. मी मध्ये बोलले नाही.

घरच्यांना मी आता हे सांगते. गोळी घड्याळ बघून द्यायची, ओरडण्याची वाट बघून नाही. जागतिक आरोग्य संघटना १९८६ पासून हेच सांगते. मॉर्फिनच्या साध्या, म्हणजे लगेच असर करणाऱ्या गोळीला दर चार तास. मध्येच कळ आली तर जादा डोस किती, हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या. मळमळ, गुंगी बहुधा काही दिवसांत ओसरते. बद्धकोष्ठता मात्र जात नाही, म्हणून पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून. शरीराला सवय होते, ती व्यसन नव्हे. फक्त औषध एकदम बंद करायचं नाही, डॉक्टर सांगतील तसं उतरवायचं. नीट बेताने दिलेलं मॉर्फिन मरण जवळ आणत नाही. ते दुखण्यासाठी लिहिलेलं असतं, किती दिवस उरलेत हे बघून नव्हे. आणि "किती दुखतंय" एवढ्यावर थांबू नका. रात्री किती वाजता जाग आली, कूस बदलता आली का, घास खाली गेला का, हे वहीत लिहा आणि ती वही डॉक्टरांसमोर ठेवा.

तीन आठवड्यांनी आण्णा आले ते दोन्ही बाह्या घालून, मनगटाचं बटण लावून. त्यानंतर ते सात महिने होते. मधल्या काळात गावच्या जत्रेला गेले. एसटीनेच, ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसून.