वाचकांचे प्रश्न : तलावाचे पाणी दुधाळ, दोष फिल्टरचा की चुन्याचा?

प्रश्न : वरुड तालुक्यात आमची संत्र्याची बाग असून पाहुण्यांच्या मुक्कामासाठी शेतातच पोहण्याचा लहान तलाव बांधला आहे. बोअरच्या पाण्याने तो भरतो व निर्जंतुकीकरणासाठी टीसीएल पावडर (ब्लीचिंग पावडर) टाकतो. रोज सकाळी सँड फिल्टरचा बॅकवॉश (वाळूतून उलट्या दिशेने पाणी सोडून मळ बाहेर काढणे) करूनही उन्हाळा लागल्यापासून पाणी दुधाळ दिसते. वाळू बदलावी काय? बॅकवॉशचे पाणी संत्र्याला दिल्यास चालेल काय?

उत्तर : वाळू बदलण्याची घाई करू नये, आधी रोजचा बॅकवॉश बंद करावा. वाळूच्या वरच्या थरात अडकलेला थोडासा मळच पुढचे बारीक कण धरून ठेवतो, त्यामुळे रोज धुतलेली वाळू उलट अधिक गाळ सोडून देते. तुमच्याकडे ठिबकचा सँड फिल्टर असेलच. तेथे जसा गेज पाहून निर्णय घेता, तसाच येथेही घ्यावा. बॅकवॉशनंतर लगेच गेज जो दाब दाखवतो, तो रंगाने टाकीवर लिहून ठेवावा आणि दाब त्याहून ०.५ ते ०.७ किलोने (प्रति चौरस सेंटिमीटर) वाढेल तेव्हाच बॅकवॉश करावा. ताशी १०,००० लिटरचा पंप तीन मिनिटांच्या बॅकवॉशमध्ये ५०० लिटर पाणी बाहेर फेकतो, आणि वरुडसारख्या भूजल खोल गेलेल्या तालुक्यात एवढे पाणी रोज विनाकारण घालवणे मला मुळीच पटत नाही.

मल्टीपोर्ट व्हॉल्व्हचा (पाण्याची दिशा बदलणाऱ्या झडपेचा) दांडा फिरवण्यापूर्वी पंप बंद केलाच पाहिजे, कारण चालू पंपावर दांडा फिरवला की आतील गॅस्केट फाटते व त्यानंतर बॅकवॉशच्या नळीतून पाणी सतत झिरपत राहते. काचेतून स्वच्छ पाणी दिसेपर्यंत, म्हणजे साधारण दोन ते तीन मिनिटे, बॅकवॉश करावा. नंतर अर्धा ते एक मिनिट रिन्स (वाळूतून आलेले पाणी तलावाऐवजी बाहेर सोडणे) द्यावा, अन्यथा उरलेला गाळ थेट तलावात येतो. पंपाच्या जाळीतला पाचोळा मात्र रोज काढावा.

आता दुधाळपणाविषयी. तुमच्या वर्णनावरून हा मळ नसून चुना असावा, अशी दाट शंका येते. बोअरचे पाणी मुळात जड असते. वैशाखाच्या उन्हात तलावातील पाणी वाफ होऊन उडते, क्षार मात्र मागे राहतात, आणि तूट भरण्यासाठी पुन्हा बोअरचेच पाणी सोडल्याने ते वाढतच जातात. त्यात टीसीएलमधील चुन्याची भर पडते. पाण्याचा पीएच (आम्ल-अल्कतेचे माप) ७.८ च्या वर गेला की हा चुना विरघळलेला न राहता बारीक कणांच्या रूपाने तरंगू लागतो. म्हणून टीसीएलऐवजी द्रवरूप सोडियम हायपोक्लोराइट वापरावे, पीएच ७.२ ते ७.६ च्या दरम्यान आणि मुक्त क्लोरीन १ ते ३ पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम) राखावे. हायपोक्लोराइटनेही पीएच थोडा चढतो, त्यामुळे त्याची तपासणी चुकवू नये. पीएच उतरवण्यासाठी ॲसिड वापरताना ते पाण्यात ओतावे, ॲसिडमध्ये पाणी कधीही ओतू नये. आणि ॲसिड व क्लोरीनची कोणतीही वस्तू एकाच भांड्यात किंवा एकाच फडताळात ठेवू नये, कारण दोन्ही एकत्र आल्यास विषारी क्लोरीन वायू निर्माण होतो. पावसाळ्यात छपराचे पहिले एक-दोन पाऊस सोडून नंतरचे पाणी तलावात घेतल्यास जडपणा आपोआप उतरेल.

वाळूची परीक्षा सोपी आहे. पंप बंद करून, दाब पूर्ण उतरवून फिल्टरचे झाकण उघडावे व वीतभर खोलीवरची मूठभर वाळू काढावी. दाणे सुटे व टोकदार लागले तर वाळू चांगली आहे. बोटांनी न फुटणारे खडे निघाले, तर एका खड्यावर थोडे सौम्य ॲसिड टाकावे. फेस आला की चुन्याने दाणे जोडले गेले आहेत असे समजावे. अशा वाळूत पाणी चिरा पाडून वाट काढते व न गाळताच परतते, तेव्हा ती बदलणेच योग्य. एरवी सिलिका वाळू पाच ते सात वर्षे टिकते. नवी वाळू भरताना टाकी आधी अर्धी पाण्याने भरावी, म्हणजे तळाचे लॅटरल (बारीक चिरांच्या गाळण नळ्या) फुटत नाहीत.

बॅकवॉशचे पाणी संत्र्याच्या आळ्यात सोडू नये. संत्र्याचे झाड क्लोराइड व क्षारांना फार नाजूक असते. उघड्या खड्ड्यात उन्हाने क्लोरीन उडून जाईल, परंतु क्षार राहतीलच; म्हणून ते पाणी बांधावरच्या कडुनिंबाला द्यावे.

प्रश्न : आमच्या तलावाला वाळूऐवजी कार्ट्रिज फिल्टर (घड्या घातलेल्या कापडाचा) आहे. तो ॲसिडने धुतला तर चालेल काय? (काटोल तालुका)

उत्तर : थेट ॲसिडने धुऊ नये. अंगाचे तेल, साबण घड्यांमध्ये साचलेले असते व ॲसिडने ते तेथेच घट्ट बसते. प्रथम नळीच्या साध्या धारेने वरून खाली एकेक घडी धुवावी, मग तेल काढणाऱ्या द्रावणात रात्रभर भिजवून स्वच्छ खळबळावे. त्यानंतरही पांढरे डाग उरले तरच सौम्य ॲसिड वापरावे. कार धुण्याच्या प्रेशर पंपाची धार मारू नये, त्याने कापड विरते.