दर गणपतीला रंग लावूनही भिंतीचे पोपडे का निघतात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: चिपळूणजवळ जांभ्याच्या चिऱ्याचं, वर स्लॅब घातलेलं जुनं घर आहे. पश्चिमेकडच्या खोलीच्या भिंतीला दर पावसाळ्यात ओल येते. गणपतीआधी रंग लावता आणि दिवाळी येईपर्यंत पोपडे जमिनीवर. यंदा कोणतं वॉटरप्रूफिंग केमिकल किंवा रंग वापरावा?

यंदा त्या भिंतीला आतून काहीच लावू नका. मी रत्नागिरी जिल्ह्यात घरदुरुस्तीची कामं घेतो आणि जुलैअखेर हाच फोन सगळ्यात जास्त येतो. बाप्पा येणार म्हणून भिंत चकाचक हवी, हे मला कळतं. पण गणपती येतात भर पावसाळ्याच्या शेपटाला, म्हणजे भिंत वर्षातली सगळ्यात जास्त ओली असते तेव्हा. त्या भिंतीवर पुट्टी आणि दोन हात रंग चढवला की आतलं पाणी बाहेर यायला वाट शोधतं. पाऊस उघडला, ऊन पडलं की ते पाणी सोबत विरघळलेले क्षार घेऊन पृष्ठभागाकडे येतं आणि रंगाच्या मागे पांढरा लोणा साठतो. आधी फोड, मग पोपडा. रंग जितका पक्का, तितका पोपडा मोठा. ऑइलपेंट यात सगळ्यात वाईट, आणि त्याखाली पीओपी केलं असेल तर ते ओलीने मऊच पडतं. दुकानदार ‘वॉटरप्रूफ आहे, आतून मारा’ म्हणून जो डबा देतो, त्याने फार तर एक पावसाळा निघतो. मग ओल बाजूच्या भिंतीतून डोकं वर काढते.

म्हणून केमिकलचं नाव नंतर. आधी पाणी कुठून येतंय ते शोधा, आणि शोधायला आत्ताचे दिवस सर्वांत चांगले, कारण चोर सध्या घरातच आहे. ओलीच्या कडेने पेन्सिलने रेघ मारा, शेजारी तारीख घाला, मोबाइलवर फोटो काढा. चार-आठ दिवसांनी ओल रेघेबाहेर गेली की पुन्हा रेघ, पुन्हा तारीख. सोबत पाऊस कसा होता ते लिहा: सरळ पडत होता की वाऱ्यासकट. गणपतीपर्यंत त्या भिंतीवर जे चित्र तयार होईल ते पाहून कुठलाही जाणता गवंडी तुम्हाला नेमकं सांगेल.

ओल छताच्या कोपऱ्यातून खाली उतरत असेल तर स्लॅब. जमिनीपासून वर चढून साधारण तीन फुटांवर आडवी थांबली असेल, तर जोत्यातून चढतेय. खिडकीच्या खालच्या दोन कोपऱ्यांतून मिशीसारखी पसरली असेल, तर खिडकी. पाऊस थांबूनही महिनोन्महिने तशीच राहिली आणि भिंतीपलीकडे न्हाणीघर असेल, तर पावसाचा संबंधच नाही. घरातले सगळे नळ बंद करून मीटरचा काटा तासभर पाहा, हलला तर पाइप गळतोय. काटा हलला नाही तरी न्हाणीघर सुटलं असं समजू नका, कारण मोरीच्या जाळीभोवतून किंवा फरशीच्या सांध्यांतून मुरणारं पाणी मीटरवर दिसत नाही.

तुमची भिंत पश्चिमेची आहे, म्हणून माझा पहिला संशय झडीवर. आपल्याकडचा पाऊस नैऋत्येच्या वाऱ्याबरोबर येतो आणि भिंतीवर आडवा आपटतो. जांभा सच्छिद्र, तो पाणी पितोच. जुन्या कौलारू घरांना पाखी भिंतीच्या बरीच बाहेर असायची, पडवी असायची, वर पावसाळ्यात झावळ्यांचे झाप बांधायचे. स्लॅबची घरं आली, छत भिंतीबरोबर कापलं गेलं आणि झापही गेले. भिंत तीच, तिची छत्री तेवढी काढून घेतली. बाहेरून तीन जागा जवळ जाऊन बघा. पहिली, स्लॅब किंवा बीमच्या खाली चिऱ्याचा शेवटचा थर संपतो तिथला आडवा सांधा. काँक्रीट आणि चिरा उन्हात सारखे प्रसरण पावत नाहीत, त्यामुळे तिथे केसाएवढी चीर हमखास पडते. दुसरी, खिडकीच्या चौकटीभोवती. तिसरी, छज्ज्याची खालची बाजू: कडेपासून इंचभर आत एक खाच असायला हवी, म्हणजे पाणी तिथेच तुटून थेंबाने खाली पडतं. खाच नसेल तर पाणी छज्ज्याच्या पोटाला चिकटून सरळ भिंतीत जातं. ही खाच नसलेली घरं मी इतकी पाहिलीत की आता वर बघायच्या आधीच हात लावून बघतो.

स्लॅबचं थोडक्यात. पाइपच्या तोंडाशी पानं अडकून तळं होतंय का, कठड्याच्या पायथ्याशी गोलाई दिलेला वाटा फुटलाय का, ढाळ पाइपकडे आहे का, एवढं पाहा. ढाळ मीटरला एक सेंटीमीटर तरी हवा. स्लॅबला आतून तपकिरी डाग असतील किंवा ठोकल्यावर पोकळ आवाज येत असेल तर गिलावा मारून झाकू नका. आतली सळई गंजली की फुगते आणि काँक्रीट ढकलून पाडते. तिथे स्ट्रक्चरल इंजिनीअरच दाखवा.

आता कामाचा क्रम. दिवाळी झाली की आतल्या ओल्या भागाचा गिलावा, ओलीच्या रेघेच्या फूटभर पलीकडेपर्यंत, चिऱ्यापर्यंत काढून टाका आणि भिंत उघडी ठेवा. खोली विचित्र दिसेल, पाहुणे विचारतील, विचारू देत. डिसेंबर-जानेवारीत बाहेरचं काम. भेगा व्ही आकारात खोदून पॉलिमर मिसळलेल्या मॉर्टरने भरा, छज्ज्याला खाच काढा, खिडकीचा खालचा दगड बाहेरच्या बाजूला उतरता करा. बाहेरून गिलावा असेल तर त्यावर लवचिक ॲक्रिलिक कोटिंगचे दोन हात, पहिला उभा तर दुसरा आडवा, आणि तेही भिंत पूर्ण सुकल्यावरच. जांभा उघडा असेल तर कृपया तो गिलाव्याने झाकू नका. दरजा, म्हणजे चिऱ्यांमधले सांधे, नव्याने भरा आणि वर दगडासाठी मिळणारं पारदर्शक सिलेन-सिलोक्झेन मारा. त्याने पाणी आत शिरत नाही, पण आतली वाफ बाहेर पडू शकते.

मग नळीने बाहेरून पाणी मारून पाहा. खालून सुरुवात करा, अर्धा-पाऊण तास एका पट्ट्यावर, मग वर सरका. वरून सुरू केलंत तर पाणी ओघळून सगळीकडे जाईल आणि कुठून शिरलं ते कळणारच नाही. आत कोरडं राहिलं तर आतून गिलावा. आधी चिरा चांगला भिजवून घ्यायला सांगा, नाहीतर तो सिमेंटमधलं पाणी ओढून घेतो. नंतर किमान आठवडाभर पाणी मारायचं आणि महिनाभर तसाच ठेवायचा. म्हणजे रंग येतो बरोबर शिमग्याला. पालखी घरी येणारच आहे, तेव्हा रंग लावा; कोरडी हवा, कोरडी भिंत.

घरखर्चात बसत असेल तर स्लॅबवर पत्र्याची शेड, पश्चिमेला अडीच-तीन फूट बाहेर काढून. दिसायला छान नाही, पण स्लॅब आणि झड या दोन्हींचा प्रश्न एकदम सुटतो. मात्र ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात दापोली-मंडणगडकडे किती पत्रे उडाले ते आठवा आणि बांधणीत काटकसर करू नका. ग्रामपंचायतीत आधी विचारा.

राहता राहिला यंदाचा गणपती. सुटे पोपडे खरवडा, बुरशी ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने पुसा (खिडक्या उघड्या ठेवून, आणि त्यात संडास साफ करायचं ॲसिड चुकूनही मिसळू नका, विषारी वायू होतो). अगदीच वाटलं तर चुन्याचा हात द्या. चुना भिंतीला श्वास घेऊ देतो. मखर भिंतीपासून वीतभर पुढे, मागे पडदा. पण त्या भिंतीवर स्विचबोर्ड असेल तर रोषणाईची माळ त्याला जोडू नका. दुसऱ्या भिंतीवरून वायर घ्या, आणि वायरमनला बोलावून ओल्या बोर्डाचा सप्लाय तोडून घ्या. हे मात्र आजच करा.