मूल हवंय आणि मायग्रेनही आहे: गोळ्या कधी बदलायच्या?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: मडगावला राहता, कॉलेजपासून अर्धशिशी आहे, ती वरचेवर येऊ नये म्हणून रोज रात्री टोपिरामेट चालू आहे. डोकं उठलं की नॅक्सडोम घेता, ती संपली असेल तर घरातल्या औषधांच्या डब्यातली वासोग्रेन. चवथ (गणेशचतुर्थी) झाली की मुलासाठी प्रयत्न सुरू करायचेत. सासूबाई म्हणतात, सगळ्या गोळ्या आजच बंद कर आणि सोस. नवरा म्हणतो, दिवस राहिले की बघू. कोणाचं ऐकायचं?

दोघांचंही नको. मी फोंड्याला फार्मसी चालवते आणि हाच प्रश्न काउंटरवर वरचेवर येतो. बहुतेक वेळा तो चाचणी पॉझिटिव्ह आल्यावर येतो, तुम्ही आधी विचारलाय. या आजारात हे 'आधी' फार मोलाचं आहे.

नवऱ्याचं म्हणणं पहिलं घेते, कारण त्यात धोका जास्त. पाळी चुकते, चार-सहा दिवस वाट बघण्यात जातात, मग चाचणी. तोवर डॉक्टरांच्या हिशेबाने पाचवा आठवडा लागलेला असतो. बाळाच्या मेंदूची आणि पाठीच्या कण्याची नळी गर्भ राहिल्यापासून साधारण 28 दिवसांत मिटते, म्हणजे शेवटच्या पाळीपासून मोजलं तर सहाव्या आठवड्यात. ओठ आणि टाळू त्यापाठोपाठ जुळतात. टोपिरामेटने ओठ-टाळू दुभंगण्याचा आणि बाळाचं वजन कमी भरण्याचा धोका वाढतो. युरोपच्या औषध नियामकाने 2023 मध्ये नियम आणखी कडक केले. मायग्रेनसाठी हे औषध गरोदरपणात घ्यायचंच नाही, आणि मूल होऊ शकणाऱ्या बाईने खात्रीचं गर्भनिरोधक असल्याशिवाय सुरूच करायचं नाही, असं तिथे स्पष्ट आहे. अर्धशिशी टाळायला दिलं जाणारं दुसरं औषध, व्हॅल्प्रोएट, त्याहून वाईट. ते चालू असताना दिवस राहिले तर सुमारे दर 10 बाळांमागे एकात जन्मजात व्यंग आढळतं, आणि पुढे बुद्धीच्या वाढीवरही परिणाम होऊ शकतो. म्हणून 'राहिले की बघू' चालणार नाही.

पण टोपिरामेट आज रात्रीपासून स्वतःहून सोडूही नका. ते काही आठवड्यांत डोस उतरवत बंद करतात, आणि ते उतरवणं तुमच्या न्यूरॉलॉजिस्टचं काम. शरीरातून ते पूर्ण जाईपर्यंत दिवस राहू नयेत याची काळजी घ्या, प्रयत्न नंतर. हे वाचणाऱ्या एखादीला फिट्स येत असतील आणि त्यासाठी यातलं औषध चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही डोस चुकवू नका. फिट येणं आई आणि बाळ दोघांनाही घातक आहे. टोपिरामेटच्या जागी काहीतरी रोज घ्यावंच लागलं, तर प्रोप्रानोलोल किंवा कमी डोसची अॅमिट्रिप्टिलीन यांचा विचार डॉक्टर करतात. प्रोप्रानोलोल चालू असेल तर बाळाच्या वाढीवर लक्ष ठेवतात आणि बाळंतपण जवळ आलं की ते कमी करत नेतात. आपल्याकडे सर्रास लिहून दिली जाणारी फ्लुनारिझिन या काळात टाळतात. फॉलिक अॅसिड मात्र प्रयत्न सुरू करण्याच्या किमान महिनाभर आधीपासून हवं. नेहमीचा डोस रोज 400 मायक्रोग्रॅम. टोपिरामेटसारखं औषध घेतलेलं असेल तर डॉक्टर जास्त देतात, म्हणून ते विचारूनच घ्या.

आता डोकं उठल्यावरच्या गोळ्या. नॅक्सडोममध्ये नॅप्रोक्सेन आणि डोम्पेरिडोन असतं. नॅप्रोक्सेन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक ही सगळी एकाच घरातली. दिवस राहावेत म्हणून प्रयत्न चालू असतानाही ती टाळलेली बरी, कारण अंडं बाहेर पडण्यात त्यांनी अडथळा येऊ शकतो. 20 आठवड्यांनंतर तर नकोच. बाळाच्या मूत्रपिंडावर परिणाम होऊन गर्भजल कमी होऊ शकतं, म्हणून अमेरिकेच्या औषध नियामकाने, एफडीएने, 2020 मध्ये तसा इशारा दिला. 30 आठवड्यांनंतर बाळाच्या हृदयाजवळची एक रक्तवाहिनी अवेळी बंद होण्याची भीती असते. कॉम्बिफ्लाममध्येही आयबुप्रोफेन आहे, हे अनेकींना माहीत नसतं. डॉक्टरांनी रक्तदाबासाठी रोजची छोटी अॅस्पिरिन दिली, तर ती गोष्ट वेगळी. ती बंद करू नका.

आणि वासोग्रेन. तिच्याबद्दल मी ठामपणे लिहिते. पाकिटाच्या पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरात नाव असतं, मागे चमकत्या कागदावर बारीक अक्षरात घटक. त्यात 'एर्गोटामाइन टार्ट्रेट' दिसेल. ते रक्तवाहिन्या आवळतं आणि गर्भाशयही आकुंचित करतं. गरोदरपणात ते पूर्ण वर्ज्य आहे, 'एकच घेतली तर काय होतंय' असंही नाही. अडचण अशी की घरच्या डब्यात अख्खं पाकीट क्वचितच असतं. फार्मसीतून चार गोळ्या कापून घेतलेल्या असतात आणि कापताना नाव आणि घटक दोन्ही तुटून जातात. माझ्या काउंटरवर असे तुकडे हातावर ठेवून बायका विचारतात, 'ही घेऊ ना?' उलटसुलट करून, उजेडात धरूनही चार अक्षरांपलीकडे काही वाचता येत नाही. अशी गोळी मी घेऊ देत नाही. तुम्हीही गोळ्या घेताना नाव असलेला तुकडा मागा किंवा पूर्ण पाकिटाचा फोटो काढून ठेवा.

मग उरतं काय? बरंच काही, आणि इथेच सासूबाईंचं म्हणणं पटत नाही. पहिली गोळी पॅरासिटामॉल, त्यात दुसरं काही मिसळलेलं नसलेली. सप्टेंबर 2025 मध्ये अमेरिकेतून तिचा ऑटिझमशी संबंध जोडणारी बातमी आली आणि इथेही बायका घाबरल्या. जागतिक आरोग्य संघटनेने तेव्हाच सांगितलं की असा ठोस पुरावा नाही. गरज असेल तेव्हा, लागेल तेवढीच घ्या, आणि दुखायला लागल्या लागल्या घ्या. डोकं पूर्ण फुटायची वाट बघितली की पोट गोळी पुढे ढकलतच नाही, मग कितीही घेतल्या तरी फरक पडत नाही. सर्दीच्या गोळीतही पॅरासिटामॉल असतं, ते बेरजेत धरायला विसरू नका. उलट्या होत असतील तर मेटोक्लोप्रामाइड डॉक्टर देतात. तेवढ्याने भागलं नाही तर सुमाट्रिप्टान आहे. ट्रिप्टान गटात, म्हणजे अर्धशिशीचा झटका थांबवणाऱ्या औषधांच्या गटात, गरोदरपणातली सगळ्यात जास्त माहिती याचीच. 1996 ते 2012 अशी सोळा वर्षं गरोदर बायकांची नोंद ठेवली गेली, त्यात सुमाट्रिप्टान घेतलेल्या सहाशेहून अधिक होत्या, आणि बाळांत व्यंगाचं प्रमाण वाढल्याचं दिसलं नाही. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असणाऱ्यांना ते चालत नाही, त्यामुळे तुमच्या हातात ते डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच यावं.

सोसण्याचीही किंमत असते, ती सासूबाईंना जरूर सांगा. दोन दिवस उलट्या, पोटात अन्न नाही, पाणी नाही, झोप नाही, हे गरोदर बाईला बरं नाही. अर्ध्याहून जास्त बायकांची अर्धशिशी तिसऱ्या महिन्यानंतर आपोआप हलकी होते, विशेषतः डोळ्यांपुढे चमकणाऱ्या रेषा येत नसतील त्यांची. कठीण जातात ते पहिले तीन महिने. त्या काळात उपाशी राहू नका. तेव्हा तय (हरतालिका) आली आणि तिचा निर्जळी उपास सोडलात तर कुठल्याही देवाला राग येणार नाही. सकाळी अकराची पेज मीठ घालून, सोबत थोडं लोणचं, एवढंही मळमळीत पोटात राहतं. मे महिन्याच्या उन्हात बाहेर पडताना पाण्याची बाटली हवीच. कॉफी एकदम तोडू नका, त्यानेही डोकं उठतं. दिवसाला एक-दोन कप चालतील.

एक गोष्ट मात्र कधीही गोळीवर ढकलू नका. 20 आठवड्यांनंतर नवीन किंवा वेगळ्या तऱ्हेचं डोकं दुखू लागलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, उजव्या बरगडीखाली दुखलं, तोंड-हात सुजले, तर आधी रक्तदाब मोजा. 140/90 किंवा वर असेल तर ही अर्धशिशी नव्हे, प्रीएक्लॅम्प्सिया, म्हणजे रक्तदाब वाढून होणारा गरोदरपणातला धोकादायक आजार, असू शकतो. काही क्षणांत शिगेला पोचलेली डोकेदुखी, बोलण्यात अडखळणं, हातपाय लुळे पडणं, फिट, ताप यापैकी काहीही असेल तर सकाळची वाट नको. 108 ला फोन करा, जिल्हा इस्पितळ किंवा बांबोळीचं गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेजचं इस्पितळ) गाठा. अर्धशिशी वर्षानुवर्षं असलेल्या बाईचं असं दुखणं घरचे 'तिचं नेहमीचंच' म्हणून बाजूला सारतात, याची मला फार काळजी वाटते. नवऱ्याला ही लक्षणं आजच वाचून दाखवा. बाळंतपणानंतरचे सहा आठवडेही हेच नियम.

आता पुढचं पाऊल. घरातल्या सगळ्या गोळ्या, कापलेल्या तुकड्यांसकट, एका पिशवीत घाला आणि न्यूरॉलॉजिस्टकडे न्या. 'चवथीनंतर प्रयत्न करायचेत' हे वाक्य स्वतःहून बोला, कारण ते न सांगता कोणाला कळत नाही. त्यांनी लिहून दिलेला कागद स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. दोघांच्या चिठ्ठ्या वेगवेगळ्या फाइलीत राहिल्या की घोटाळा होतो.

बाळंतपणानंतर झोपमोड आणि हार्मोन उतरल्यामुळे अर्धशिशी अनेकींना परत गाठते, तेव्हा घाबरू नका. अंगावर पाजताना पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन दोन्ही चालतात, सुमाट्रिप्टानही दुधात फार थोडं उतरतं. दुखणं थांबवायला अॅस्पिरिन आणि एर्गोटामाइन तेव्हाही नको. सिझेरियनसाठी कमरेत भूल दिलेली असेल आणि बसलं की डोकं दुखतं, आडवं झालं की थांबतं असं झालं, तर ती भुलीच्या सुईमुळे होणारी डोकेदुखी असू शकते. त्यावर वेगळा उपाय आहे, इस्पितळातल्या भूलतज्ज्ञांना लगेच कळवा.