फॉलो-अप सोडू नकोस

प्रिय डॉक्टर,

परवा ओपीडीत स्तनाच्या कॅन्सरवर उपचार झालेल्या त्या बाईंनी विचारले, “माझ्याच पोटाची चरबी छातीत भरली तर आजार परत येईल का?” तू गप्प राहिलीस आणि रात्री मला कळवलेस की प्रयोगशाळेतले निबंध वाचल्यापासून फॅट ग्राफ्टिंग, म्हणजे शरीरातलीच चरबी काढून स्तनात भरणे, सुचवायला तुझे मन धजत नाही. तुझी भीती मला समजते, पण त्यांना उत्तराविना परत पाठवणे मला मान्य नाही.

चरबीतील मूळपेशी (स्टेम सेल) काचपात्रातल्या कर्करोगपेशींची वाढ चेतवू शकतात, हे खरे आहे. मात्र बाईच्या शरीरात काय होते, हे बाईचा फॉलो-अप ठेवूनच कळते. १९८७ मध्ये अमेरिकेतील प्लास्टिक सर्जनांच्या संघटनेने स्तनवाढीसाठी चरबी भरण्यास विरोध केला, कारण नंतर होणाऱ्या कॅल्सिफिकेशनमुळे, म्हणजे चुन्याचे कण जमल्यामुळे, मॅमोग्राफीत (स्तनाच्या एक्स-रेत) कॅन्सर लपेल अशी भीती होती; २००९ मध्ये त्याच संघटनेच्या कार्यगटाने ती भूमिका सैल केली. मिलानच्या २०१२ च्या अभ्यासात चरबी भरलेल्या ३२१ स्त्रियांची तुलना न भरलेल्या ६४२ जणींशी केली, तेव्हा कॅन्सर परतण्यात एकंदरीत फरक दिसला नाही; फक्त दुधाच्या नलिकेबाहेर न पसरलेल्या कॅन्सरच्या छोट्या गटात धोक्याची शंका आली. नेदरलँड्समधील २०१९ च्या अभ्यासात चरबी भरलेले आणि न भरलेले असे तीनशे-तीनशे स्तन होते आणि ग्राफ्टिंगनंतर सुमारे पाच वर्षांच्या फॉलो-अपमध्ये कॅन्सर परतण्याचे प्रमाण वाढलेले आढळले नाही. हे आकडे दिलासा देणारे आहेत आणि ते त्या बाईंना स्पष्ट सांगितलेच पाहिजेत. पण हार्मोन रिसेप्टर पॉझिटिव्ह, म्हणजे हार्मोनच्या जोरावर वाढणारा, आजार दहा-पंधरा वर्षांनीही परततो, मग पाच वर्षांवर समाधान कसे मानायचे? म्हणून पुन्हा सांगते, फॉलो-अप सोडू नकोस.

आपल्याकडे सातारा, सोलापूर, लातूरहून बायका पुण्याला येतात, शस्त्रक्रिया करून घेतात, गावी परततात. फोन नंबर बदलतो आणि फाइल तिथेच थांबते. माझ्या अशा कितीतरी रुग्णांचे पुढे काय झाले, हे मला आता कधीच कळणार नाही, आणि ही खंत निवृत्तीनंतरही जात नाही. रुग्णाबरोबर तिच्या मुलीचा किंवा जावेचा नंबरही लिहून घे आणि वर्षातून एकदा स्वतः फोन कर. भरलेल्या चरबीचा काही भाग विरतो, काही मरतो, तेलाच्या गाठी होतात, आणि गावच्या डॉक्टरला चरबी भरल्याचे माहीतच नसेल तर तो त्या गाठीला कॅन्सर समजून बाईला घाबरवतो, किंवा खऱ्या कॅन्सरला चरबीची गाठ समजून सोडून देतो. कोणत्या बाजूला, कधी, किती मिलिलिटर चरबी भरली, हे मराठीत लिहिलेला कागद तिच्या हातात दे. नवी गाठ आली तर सोनोग्राफी आणि शंका उरली तर बायोप्सी, यात आळस नको.

सहकारी म्हणत, मॅडम फार वेळ लावतात. मार्जिन स्वच्छ असल्याचा, म्हणजे काढलेल्या भागाच्या कडेला कॅन्सर नसल्याचा, रिपोर्ट आणि ट्यूमर बोर्डाची (कॅन्सरच्या डॉक्टरांच्या एकत्र बैठकीची) संमती हाती आल्याशिवाय मी चरबी भरायची नळी, कॅन्युला, उचलली नाही, मूळपेशींची संख्या वाढवलेली चरबी वापरण्याचा आग्रह मी मानला नाही, आणि काही रुग्ण त्यामुळे दुसरीकडे गेल्या. गेल्या तर गेल्या. त्या निर्णयांबद्दल मला आजही काही वावगे वाटत नाही.

त्या बाईंचा आजार नलिकेपुरताच होता, गाठ काढून रेडिएशन झाले आहे, म्हणजे शंका आलेल्या गटातल्याच त्या आहेत. त्यांना टाळू नकोस. काढलेल्या गाठीच्या जुन्या स्लाइड्सचा रिपोर्ट मागव, नवी मॅमोग्राफी कर, केस गुरुवारच्या बोर्डात मांड, आणि मिलानची शंका व नेदरलँड्सचा दिलासा दोन्ही त्यांना समोर बसवून सांग. रेडिएशन झालेल्या जागी चरबी कमी टिकते आणि एकाहून अधिक वेळा भरावी लागू शकते, तेही सांग. मग त्या हो म्हणोत वा नाही, पुढच्या वर्षीच्या फोनची तारीख त्याच दिवशी वहीत लिही.

तुझी,
मॅडम