बायोप्सीत 'सीआयएन 1, क्रॉनिक सर्व्हिसायटिस' आलंय. कॅन्सर आहे का? पिशवी काढावी लागेल का?

ताई, सीआयएन 1 (गर्भाशयमुखावरच्या पेशींचा सौम्य बिघाड) म्हणजे कॅन्सर नाही, आणि नुसत्या सीआयएन 1 साठी पिशवी काढायची गरज नसते.

गर्भाशयमुखावरच्या आवरणाच्या जाडीचे तीन भाग कल्पा. बिघडलेल्या पेशी फक्त तळच्या भागात असतील तर 1, दोन भागांपर्यंत चढल्या असतील तर 2, त्याही वर गेल्या तर 3. कॅन्सर म्हणतात तो या पेशी आवरणाच्या तळचा पडदा फोडून खाली उतरल्यावर. एचपीव्ही विषाणूमुळे झालेला सीआयएन 1 बहुतेकींचा वर्ष-दोन वर्षांत आपोआप जातो. 'क्रॉनिक सर्व्हिसायटिस' (गर्भाशयमुखाची जुनी सूज) तर कितीतरी रिपोर्टांत असतं, त्याची धास्ती नको.

एक मात्र आजच बघा. बायोप्सीआधीच्या पॅपमध्ये (गर्भाशयमुखावरच्या पेशी पुसून घेऊन केलेल्या तपासणीत) 'एचएसआयएल', म्हणजे पेशींत जास्त बिघाड, लिहिलं होतं का? असेल तर सीआयएन 1 वर निर्धास्त राहू नका. बायोप्सीचा चिमटा नेमक्या जागी लागला नसेल, अशी शक्यता उरते. डॉक्टरांना हे स्वतःहून विचारा. पॅप साधा असेल तर सहसा वर्षाने एचपीव्ही तपासणी सांगतात, ती चुकवू नका. आपल्याच उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यात 1,31,000 हून अधिक बायकांवर झालेल्या अभ्यासात, एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीनेही या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. 2009 साली तो प्रसिद्ध झाला.

पिशवीबद्दल पोटतिडकीने लिहितेय, कारण माझा सीआयएन 3 होता. एका डॉक्टरांनी "दोन मुलं झालीत, आता पिशवीचं काय काम?" म्हणून ऑपरेशनची तारीखही दिली. बहिणीने हट्टाने मला कॅन्सरच्या दवाखान्यात नेलं. तिथे कॉल्पोस्कोपी (गर्भाशयमुख मोठं करून दाखवणाऱ्या दुर्बिणीने तपासणी) करताना औषध लावल्यावर बिघडलेला भाग पडद्यावर मला दिसला, दुधावर साय धरावी तसा पांढरा. तेवढाच भाग तारेच्या कडीने काढला, याला लीप म्हणतात. भूल फक्त त्या जागेपुरती. संध्याकाळी मी घरी होते. पिशवी आजही जागेवर आहे, तपासण्या चालू आहेत.

आणि नवऱ्यावर संशय घेऊन घरात वाद नको. हा विषाणू शरीरसंबंधातून येतो खरा, पण वर्षानुवर्षं गप्प राहू शकतो, कधी आणि कुणाकडून आला ते रिपोर्टवरून कळत नाही.

कुणी पिशवी काढायचा आग्रह धरला तर लॅबमधून स्लाइड (तुकड्याचे काचेवरचे काप) आणि ब्लॉक (मेणात ठेवलेला बायोप्सीचा तुकडा) मागून घ्या आणि दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टना दाखवा. नुसत्या रिपोर्टच्या फोटोवर मत घेऊ नका.