वीज पडल्यानंतरचे तीन महिने

प्रश्न : धुऱ्यावर वीज पडून जाऊबाई माझ्या डोळ्यांदेखत गेल्या. ३ महिने झाले, तरी आभाळ गडगडले की मी पुन्हा तिथेच उभी असते. कपाशीत पाय ठेवत नाही. घरचे बाहेरची बाधा म्हणतात. (एक वाचक, यवतमाळ जिल्हा)

उत्तर : ताई, पहिल्या महिन्यातील अशी लक्षणे पुष्कळदा ओसरतात, परंतु प्रसंग पुन्हा घडत असल्याचा भास, ती जागा टाळणे आणि सतत दचकणे महिन्याहून अधिक टिकून कामात अडथळा आणत असेल, तर आघातोत्तर ताणविकाराचा, म्हणजे भयंकर प्रसंगानंतर जडणाऱ्या मानसिक आजाराचा, विचार करावा लागतो. हे निदान रक्ततपासणीतून नव्हे, सविस्तर बोलण्यातून होते. मध्येच भान हरपत असेल तर तेही सांगा, कारण तेव्हा आधी मिरगी तपासावी लागते. जिल्हा रुग्णालयातील मनोविकारतज्ज्ञांना भेटा. तोवर १४४१६ या टेली-मानस (सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनी) क्रमांकावर मराठीतून बोलता येईल.